खटल्याच्या नकला कमी खर्चात कशा मिळवाव्यात: पीडिताच्या कुटुंबासाठी नागपुरातील टप्प्याटप्प्याची पद्धत

‘संपूर्ण फाईलची नक्कल मिळावी, ही विनंती.’ पीडिताच्या कुटुंबाकडून येणाऱ्या दहापैकी सात-आठ अर्जांत हे एकच वाक्य असते, आणि बहुतेक अडचणींचे मूळही तेच असते. असा अर्ज एकतर तपशिलाअभावी परत येतो किंवा मंजूर झालाच तर शेकडो पानांचा खर्च अंगावर येतो. त्या पानांत समन्सच्या पोचपावत्या, तहकुबीचे अर्ज आणि आरोपीच्या जामीनदाराची कागदपत्रेही येतात, ज्यांचा कुटुंबाला काहीच उपयोग नसतो. शिवाय ज्या कागदांसाठी पैसे भरले जातात त्यांतील काही कायद्याने विनामूल्य मिळायला हवे होते, असे नंतर लक्षात येते.

म्हणून पुढील क्रम मोडू नये. आधी विनामूल्य मिळणारे कागद घ्यावेत, मग फाईल डोळ्यांखालून घालावी, त्यानंतर निशाणी क्रमांकांची, म्हणजे फाईलमधील महत्त्वाच्या कागदांवर असलेल्या क्रमांकांची, यादी करावी, आणि पैसे भरून नक्कल मागणे सर्वांत शेवटी ठेवावे.

टप्पा १: अर्जदार कोण आणि खटला कोणता, हे पक्के करणे

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २ मधील व्याख्येनुसार गुन्ह्यामुळे ज्याला हानी किंवा इजा झाली तो पीडित, आणि त्याचा पालक किंवा कायदेशीर वारसही पीडितच. म्हणजे मृताची पत्नी, आई किंवा मुलगा अर्ज करतात तेव्हा ते तिऱ्हाईत म्हणून येत नाहीत. अर्जात हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, कारण तिऱ्हाईताच्या अर्जाला आणि पीडिताच्या अर्जाला लागणारी कसोटी वेगळी असते.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. घरातील कर्ता पुरुष सही करतो आणि विषय संपतो. प्रत्यक्षात शक्य असेल तिथे मृताची आई, पत्नी किंवा मुलगी यांना अर्जदार करावे. त्याची दोन कारणे आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, आणि त्यात मृत पुरुषाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, तर वडील दुसऱ्या वर्गात येतात. म्हणून वडिलांचा अर्ज कोणी लगेच नाकारतो असे नाही, परंतु वारसपणावर हरकत निघण्याची जागाच ठेवली नाही तर बरे. दुसरे कारण पैशाचे आहे, ते टप्पा ४ मध्ये येईल.

नात्याच्या पुराव्यासाठी मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि अर्जदाराचे आधार कार्ड यांच्या प्रत्येकी तीन छायाप्रती काढून स्वसाक्षांकित करून ठेवाव्यात. नावातील फरक या वेळीच पाहावा. शिधापत्रिकेवर ‘कमलाबाई’ आणि आधारवर ‘कमल’ असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे एका ओळीचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे.

आता खटल्याचे क्रमांक. एकाच प्रकरणाला दोन ते तीन क्रमांक असू शकतात. पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक हा पहिला, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मिळणारा आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) क्रमांक दुसरा, आणि खून, बलात्कार यांसारखे प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपुर्द झाल्यावर मिळणारा सत्र खटला किंवा विशेष खटला क्रमांक तिसरा. याशिवाय सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, त्याने ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल अ‍ॅपवर प्रकरण थेट उघडते.

मी स्वतः पहिल्यांदा एका शेजाऱ्यांसाठी अर्ज लिहिला तेव्हा जुना आर.सी.सी. क्रमांकच लिहिला होता. प्रकरण सात महिन्यांपूर्वीच सत्र न्यायालयाकडे गेले होते. अर्ज ‘अभिलेख उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह परत आला आणि घरच्यांना फाईल हरवली असे वाटून रात्रभर झोप लागली नाही. चूक माझी होती.

सीएनआर माहीत नसेल तर ईकोर्ट्सवर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येते. शहर पोलीस आयुक्तालय आणि नागपूर ग्रामीण या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, त्यामुळे ठाण्याचे नाव निवडताना गल्लत करू नये. ग्रामीण भागातील प्रकरण काटोल, रामटेक, उमरेड, सावनेर अशा तालुक्याच्या न्यायालयात दाखल होऊन पुढे सिव्हिल लाइन्समधील जिल्हा व सत्र न्यायालयात आलेले असू शकते. मोबाईलवर जमत नसेल तर न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात विचारावे.

*तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर सध्याचा खटला क्रमांक, न्यायाधीशांचे पदनाम, पुढील तारीख (निकाल लागला असल्यास निकालाची तारीख) आणि आरोपींची नावे लिहिलेली असली पाहिजेत. यांतील एक जरी रकाना रिकामा असेल तरी न्यायालयात फेरी मारू नये.*

टप्पा २: ज्यासाठी पैसे लागत नाहीत ते आधी घेणे

प्रथम खबर अहवालाची (एफआयआरची) प्रत याच संहितेच्या कलम १७३ नुसार (पुढेही वेगळा कायदा सांगितलेला नसेल तिथे कलमे याच संहितेची समजावीत) फिर्यादीला किंवा पीडिताला तत्काळ आणि विनामूल्य द्यावयाची असते. जुन्या कायद्यात हा हक्क फक्त फिर्यादीचा होता. फिर्याद पोलिसांनी स्वतः किंवा शेजाऱ्याने दिलेली असली, तरी आता मृताच्या वारसाला ती मागता येते. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही दिसते.

तपास सुरू असेल तर त्याच्या प्रगतीची माहिती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविणे कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. ही माहिती तोंडी मिळाली तर तारीख लिहून ठेवावी आणि लेखी मागावी.

न्यायालयाचे दैनंदिन आदेश आणि निकाल ईकोर्ट्सवरून मोफत उतरवून घेता येतात. निकालाची प्रत शक्यतो सात दिवसांत न्यायालयाच्या पोर्टलवर चढवावी, असे कलम ३९२ सांगते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे आदेशही उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. वाचण्यासाठी, वकिलांना दाखविण्यासाठी आणि पुढे काय मागायचे ते ठरविण्यासाठी ही प्रत पूर्ण पुरेशी आहे. मात्र ती प्रमाणित प्रत नव्हे, त्यामुळे अपिलात किंवा दुसऱ्या न्यायालयात दाखल करण्यासाठी ती चालत नाही. साक्षीदारांच्या साक्षी तेथे सहसा नसतात, त्यासाठी नक्कलच काढावी लागते.

ॲट्रॉसिटी कायद्याखालील प्रकरण असेल तर आणखी एक आधार आहे. त्या कायद्यातील कलम १५-अ प्रमाणे राज्याने जी योजना करावयाची आहे, तिच्यात पीडिताला किंवा त्याच्या अवलंबितांना प्रथम खबरीची आणि दोषारोपपत्राची प्रत विनामूल्य देणे समाविष्ट आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख नावानिशी करावा.

*इशारा: न्यायालयाकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून साक्षींच्या नकला मागू नयेत. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे की, न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्या लागतात. ‘दहा रुपयांत काम होते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या सल्ल्यात महिना जातो.*

टप्पा ३: दोषारोपपत्रासाठी वकील अभिलेखावर आणणे

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, आणि पैसे सर्वांत जास्त वाचतात तेही येथेच.

दोषारोपपत्र म्हणजे एक कागद नव्हे. त्यात प्रथम खबर, साक्षीदारांचे पोलिसांनी घेतलेले जबाब, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे जबाब, घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल असे सगळे एकत्र येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ प्रमाणे हा संपूर्ण संच फक्त आरोपीला विनामूल्य मिळत असे, मृताच्या आईला मात्र नाही. नव्या संहितेच्या कलम २३० ने हे बदलले. आता आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत हा संच आरोपीला आणि पीडितालाही विनामूल्य द्यावयाचा आहे. परंतु पीडिताच्या बाबतीत कंसात एक अट आहे, ती म्हणजे त्याच्या वतीने वकील हजर असला पाहिजे.

ही अट न वाचल्यामुळे कुटुंबे स्वतः न्यायालयात जाऊन उभी राहतात, संच मिळत नाही, आणि मग तेच कागद नक्कल विभागातून पानामागे पैसे भरून घेतात. वकीलपत्र दाखल करून त्याच दिवशी कलम २३० खाली एक छोटा अर्ज द्यावा. त्यात ‘पीडिताचे वारस वकिलामार्फत हजर आहेत, सबब पोलीस अहवाल व सोबतची कागदपत्रे विनामूल्य पुरविण्यात यावीत’ एवढे दोन ओळींत लिहिलेले पुरते. आपल्या वकिलाला सरकारी वकिलांना साहाय्य करण्याची परवानगी हवी असेल तर तो वेगळा अर्ज आहे, तो कलम १८ च्या उपकलम ८ खाली करावा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नयेत, कारण एकीवर विरुद्ध बाजूचे म्हणणे मागविले गेले की दुसरीही अडकते.

कागद फार मोठे असतील तर न्यायालय छापील प्रतीऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रत देऊ शकते किंवा केवळ निरीक्षणाची मुभा देऊ शकते. त्यासाठी कोरा पेनड्राइव्ह सोबत ठेवावा.

संच हातात आल्यावर त्याची अनुक्रमणिका उघडून प्रत्येक कागदापुढे टिचकी मारावी. दोन गोष्टी हमखास नसतात. एक म्हणजे सीए रिपोर्ट, अर्थात रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, जो पुष्कळदा दोषारोपपत्रानंतर येतो आणि नंतर अभिलेखावर ठेवला जातो. दुसरे पुरवणी दोषारोपपत्र. हे दोन्ही दाखल झाले का, ते प्रत्येक तारखेला विचारावे. शवविच्छेदन अहवालासाठी मात्र मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या वेगळ्या फेऱ्या मारण्याची गरज नाही, तो संचात असतो.

*इशारा: खटला १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असेल तर तो कलम ५३१ मुळे जुन्या संहितेप्रमाणेच चालू राहतो, आणि कलम २३० चा आधार तेथे थेट मिळत नाही. अशा प्रकरणात टप्पा ७ मधील शुल्कमाफीच्या मार्गाने जावे.*

*इशारा: पोलिसांची केस डायरी मागू नये. ती कोणत्याही बाजूला मिळत नाही, आणि तिच्यासाठी केलेल्या मागणीमुळे बाकीचा अर्जही रखडतो.*

टप्पा ४: विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणे

वकील लागतो म्हटल्यावर घरचे थबकतात. ‘भाऊ, आधीच पोराच्या मागे सारं गेलं, आता वकिलाला कुठून द्यायचं?’ असे सावनेरकडच्या एका मावशींनी मला विचारले होते, तेव्हा त्यांच्या पिशवीत अगोदरच साडेतीन हजारांच्या झेरॉक्स होत्या.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत विधी सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. टप्पा १ मध्ये आईला किंवा पत्नीला अर्जदार करण्याचे जे दुसरे कारण म्हटले ते हेच. मुलगा नोकरीला असला आणि त्याचे उत्पन्न मर्यादेबाहेर असले, तरी आई पात्र असते.

बहुतेकांना वाटते की येथे फक्त वकील मिळतो. प्रत्यक्षात मोफत विधी सेवेत आदेशांच्या आणि इतर कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळवून देणे, अपिलाची कागदपत्रे तयार करणे, छपाई आणि भाषांतर यांचाही समावेश आहे. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडील अर्जात ‘वकील मिळावा’ एवढेच न लिहिता ‘वकील मिळावा व खटल्यातील आवश्यक कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती विधी सेवेतून मिळाव्यात’ असे लिहावे. न मागितलेली गोष्ट कोणी आपणहून देत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते, आणि प्रकरण खंडपीठात असेल तर उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे जावे लागते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

*तपासणी: नेमणुकीचे पत्र मिळाल्यावर वकिलांचे नाव आणि खटल्याचा क्रमांक बरोबर आहे ना, ते तेथेच उभे राहून वाचावे.*

टप्पा ५: फाईल पाहणे आणि यादी करणे

न्यायालयातील फाईलमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर निशाणी क्रमांक असतो. पहिल्या साक्षीदाराची साक्ष निशाणी २१ असेल, तर त्याच्यामार्फत सिद्ध झालेला पंचनामा निशाणी २२ असू शकतो. नक्कल विभाग याच क्रमांकांवर काम करतो. ‘डॉक्टरांची साक्ष’ असे लिहिले तर फाईल उलटणाऱ्या लेखनिकाला शोधत बसावे लागते, आणि दोन डॉक्टर असतील तर भलतीच साक्ष हातात पडते.

त्यासाठी वकिलामार्फत निरीक्षणाचा अर्ज करावा. मंजूर झाल्यावर ठरलेल्या वेळी न्यायालयातील कर्मचाऱ्यासमोर फाईल पाहता येते. सोबत पेन्सिल आणि वही असावी. फाईलवर खूण करू नये, पान दुमडू नये आणि परवानगीशिवाय मोबाईलने छायाचित्र काढू नये, कारण तेवढ्यावरून निरीक्षण थांबविले जाऊ शकते.

वहीत चार रकाने आखावेत. निशाणी क्रमांक, कागदाचे नाव, पाने, आणि प्रमाणित प्रत खरोखर लागेल का. चौथा रकाना भरताना कठोर राहावे. अपिलासाठी निकाल, महत्त्वाच्या साक्षी, वैद्यकीय पुरावा आणि ज्या आदेशावर आक्षेप आहे तो आदेश लागतो. नुसते वाचायचे आहे असा कागद बसून वाचावा आणि त्यातील दोन ओळी वहीत उतरवून घ्याव्यात.

रोजनामा मात्र सोडू नये. कोणत्या तारखेला कोण हजर होते, साक्षीदार आला असताना तो का तपासला गेला नाही, तहकुबी कोणी मागितली, हे सगळे त्याच्या काही पानांत असते. विलंबाबद्दल कुटुंबाची जी तक्रार असते तिला कागदाचा आधार येथेच मिळतो. तरीही लोक रोजनाम्याची नक्कल क्वचितच मागतात.

*इशारा: अर्जदार स्वतः साक्षीदार असेल आणि त्याची साक्ष अजून व्हायची असेल, तर त्याने इतरांच्या साक्षी वाचू नयेत व त्यांच्या नकलाही आपल्या नावाने मागू नयेत. ‘आधीच्या साक्षीदारांच्या साक्षी वाचून तुम्ही आज सांगत आहात’ हा प्रश्न उलटतपासणीत नक्की येतो, आणि नक्कल अर्जावरची सहीच त्याचा पुरावा होते. अशा वेळी निरीक्षण फक्त वकिलाने करावे.*

टप्पा ६: नक्कल अर्ज लिहिणे

खटला चालू आहे की निकाली निघाला आहे, यावर अर्ज कोठे द्यायचा ते ठरते. खटला चालू असेल आणि साक्षींच्या प्रती हव्या असतील तर आधी त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे परवानगीचा अर्ज द्यावा आणि मंजुरीचा आदेश घेऊनच नक्कल विभागाकडे जावे. निकाल लागला असेल तर कलम ४०४ च्या उपकलम ५ नुसार, ज्याच्यावर निकालाचा किंवा आदेशाचा परिणाम होतो त्या व्यक्तीला निकाल, साक्ष किंवा अभिलेखाचा कोणताही भाग विहित शुल्क भरून मिळण्याचा हक्क आहे. जुन्या संहितेत हेच कलम ३६३(५) होते.

अर्जाचा मजकूर साधारण असा असावा: ‘मी वरील खटल्यातील मयत यांची आई असून कायदेशीर वारस या नात्याने पीडित आहे. मला खालील कागदांची प्रत्येकी एक प्रमाणित प्रत अपील दाखल करण्यासाठी आवश्यक आहे. १) निकालपत्र. २) निशाणी २१, साक्षीदार क्रमांक १ ची सरतपासणी व उलटतपासणी. ३) निशाणी ३४, शवविच्छेदन अहवाल. ४) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा रोजनामा.’ त्याखाली सर्वसाधारण की तातडीची नक्कल हवी ते लिहावे. तातडीच्या नकलेला जादा शुल्क लागते, म्हणून मुदत खरोखर जवळ आली नसेल तर ती मागू नये.

या अर्जात तीन चुका नेहमी दिसतात. साक्ष मागताना ‘उलटतपासणीसह’ असे न लिहिणे ही पहिली. दुसऱ्या दिवशी उलटतपासणी झाली असेल तर ती वेगळ्या पानांवर असते आणि अर्धीच साक्ष हातात येते. ‘एक प्रत’ असे न लिहिणे ही दुसरी. तिसरी म्हणजे सीसीटीव्ही चित्रण किंवा ध्वनिमुद्रण याच यादीत घालणे. ते मुद्देमालात असते, नक्कल विभागात नसते. त्यासाठी न्यायाधीशांचा वेगळा आदेश लागतो.

टप्पा ७: शुल्कमाफी मागणे

विशेष कारण असेल तर न्यायालयाला प्रत विनामूल्य देता येते, असे कलम ४०४(५) च्या परंतुकातच, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादातच, म्हटले आहे. म्हणजे ही दया नव्हे, न्यायालयाला दिलेला अधिकार आहे. परंतु ‘विशेष कारण’ हे शब्द अर्जदाराने भरून दाखवावे लागतात. ‘मी गरीब आहे’ एवढ्याने ते भरत नाहीत.

कारण लिहिताना परिस्थिती आणि कागदाची गरज यांची सांगड घालावी. उदाहरणार्थ: मयत हा कुटुंबातील एकमेव कमावता होता, अर्जदार धुणीभांडी करून महिना अमुक रुपये मिळविते, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत आहे, मागितलेली पाने फक्त ६२ आहेत, आणि त्यांच्याशिवाय निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील दाखल करता येत नाही. पाने मोजून लिहिली की मागणी नेमकी आहे हे न्यायाधीशांना एका नजरेत दिसते. टप्पा ५ मधील वही येथे उपयोगी पडते. ‘संपूर्ण फाईल विनामूल्य’ मागणारा अर्ज आणि ‘६२ पाने विनामूल्य’ मागणारा अर्ज यांचे नशीब सारखे नसते.

हा अर्ज नक्कल अर्जासोबतच आणि पैसे भरण्यापूर्वी द्यावा. एकदा रक्कम जमा केली की ‘भरता आली, म्हणून भरली’ असाच अर्थ निघतो.

टप्पा ८: रक्कम, पावती आणि प्रत ताब्यात घेणे

माफी मिळाली नाही तर अंदाजित रक्कम जमा करावी लागते. दर तेथेच विचारून घ्यावा, पाने स्वतः मोजलेली असल्यामुळे हिशेब लगेच जुळवता येतो. पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत, मग तो आवारात कितीही ओळखीचा वाटो. अर्जाचा नोंदणी क्रमांक पावतीवर असतो, त्याचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी ‘कधी येऊ?’ असे विचारून निघू नये. दिलेली तारीख पावतीच्या मागे लिहावी, आणि निघण्यापूर्वी वकिलांकडून खात्री करून घ्यावी.

प्रत मिळाल्यावर खिडकीपाशीच पुढील गोष्टी पाहाव्यात: प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटच्या पानावर ‘खरी प्रत’ असा दाखला, सही आणि तारीख आहे का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, आणि हस्तलिखित पाने वाचता येतात का. पुसट आलेले पान तेथेच बदलून मागावे, घरी गेल्यावर तेच पान नव्या अर्जाने मागावे लागते.

त्यानंतर तीन तारखा वाचाव्यात: अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ नुसार निकालाची प्रत मिळविण्यासाठी लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. मात्र प्रत तयार होऊन पडून राहिली आणि आपण ती नेली नाही, तर ते दिवस आपल्या खात्यावर येतात.

टप्पा ९: निकालानंतर वेळ न दवडणे

निर्दोष मुक्तता, कमी गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा किंवा अपुरी भरपाई या तिन्हींविरुद्ध पीडिताला कलम ४१३ च्या परंतुकाखाली स्वतःचे अपील करता येते. जुन्या संहितेतील कलम ३७२ च्या याच तरतुदीबाबत, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात २०१८ मध्ये सांगितले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावरचे अपील सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या निकालावरचे नागपूर खंडपीठात जाते. पीडिताच्या अपिलासाठी त्या कलमात स्वतंत्र मुदत लिहिलेली नाही, आणि नेमके म्हणूनच वाट पाहू नये. निकालाच्या नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा, साक्षींचा दुसऱ्या दिवशी दिला तरी चालेल.

घाईचे दुसरेही कारण आहे. आरोपीने अपील केले की मूळ अभिलेख खंडपीठाकडे मागविला जातो, आणि मग सत्र न्यायालयातील नक्कल विभाग ‘अभिलेख उच्च न्यायालयात’ एवढेच सांगू शकतो. त्या वेळी खंडपीठाच्या फौजदारी विभागात अपिलाचा क्रमांक देऊन तेथील पद्धतीने अर्ज करावा लागतो. अपील नसेल तर फाईल काही काळाने अभिलेख कक्षात जाते, तेथून ती काढायला वेळ लागतो, आणि ठरावीक वर्षांनंतर काही कागद नियमानुसार नष्टही केले जातात.

लैंगिक गुन्हे आणि अल्पवयीन आरोपी: वेगळी काळजी

लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम २३ खाली बालकाबाबतही तसेच बंधन आहे. नक्कल मिळाली म्हणजे ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची मुभा मिळाली असे नाही. पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला दाखविण्यापूर्वीही वकिलांना विचारावे. अशा अर्जात पीडितेचे नाव न लिहिता फिर्यादीचा किंवा खटल्याचा उल्लेख करावा, कारण अर्ज आणि पावती अनेकांच्या हातांतून जातात.

आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण सहसा बाल न्याय मंडळासमोर असते. तेथील अहवाल गोपनीय असतात आणि त्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई असते. तेथे नक्कल विभागाच्या छापील अर्जाऐवजी वकिलामार्फत मंडळासमोरच अर्ज करावा, आणि त्यात नेमका कोणता आदेश कशासाठी हवा आहे एवढेच मागावे.

घरी आलेले सगळे कागद एकाच फायलीत, तारखेच्या क्रमाने आणि वर अनुक्रमणिका लावून ठेवावेत. मूळ प्रमाणित प्रत कोणालाही वाचायला देऊ नये, छायाप्रत द्यावी. वकील बदलण्याची वेळ आली तर आधीच्या वकिलांकडून कागद परत घेताना याच अनुक्रमणिकेवर त्यांची पोच घ्यावी.